गोटीची तीन उत्तरं

मला कॉलेजात भोंगा म्हणतात. म्हणोत बापडे. धाकट्या बहिणीला लागलं तरी शांतपणे पाणी पीत बसणारी माणसं जगात असतील, त्यांचं त्यांना लखलाभ. माझ्या पोटात गोळा येतो आणि तो आला की लगेच तोंडातून आवाज येतो. मध्ये थांबा नाही.

हे नाव ठेवलं घरच्याच माणसाने, म्हणजे गोटीने. गोटी माझी धाकटी बहीण. चणीने लहान, आणि एकदा सुटली की कोणाच्या हाती न लागणारी. आम्ही दोघी एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात, मी एम.ई.च्या शेवटच्या वर्षाला, ती सिव्हिलच्या तिसऱ्या. आईबाबा दुसऱ्या गावी. आम्ही कॉलेजजवळ एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. दोन खाटा, एक टेबल, आणि खिडकीत कायम वाळत पडलेले तिचे बूट.

ते बूट बास्केटबॉलचे. कॉलेजात दर शनिवारी दुपारी विभागाविभागांच्या मॅच व्हायच्या. मुलंमुली एकत्र, कोणाला धड खेळता येतंय असंही नाही. कप नाही, बक्षीस नाही, एकच नियम, की हरलेल्या संघाने पुढच्या मॅचसाठी हॉल पुसून द्यायचा. पण त्या पोछ्यापायी लोक जिवावर उदार होऊन खेळायचे.

मी खेळत नाही. मी सिव्हिलच्या बाकावर बर्फाची पिशवी घेऊन बसायचे. कोणी बोलावलं नव्हतं, मीच जायचे. एकदा गोटीचा घोटा मुरगळला तेव्हा मी आईला फोन करून हाड मोडलं म्हणून सांगितलं. आई बिचारी दिवसभर बसमध्ये उभी राहून आली, तर दारात गोटी दोरीवरच्या उड्या मारत होती. दुसऱ्या वेळी मी खेळ चालू असताना बर्फ घेऊन आत घुसले आणि रेफरीने शिट्टी मारून मला हॉलबाहेर काढलं. खेळाडूला बाहेर काढतात, बर्फवालीला काढल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. गोटी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्या हॉलच्या दारावर एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला आहे. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला तीन प्रश्न विचारा. तू कुठे आहेस? समोर कोण खेळतंय? स्कोअर काय झालाय? तो कागद सगळ्या कॉलेजात फक्त मी वाचला असेल. मागे लागून लागून मी संघाला हे प्रश्न विचारायला लावले. विचारायचे कॅप्टनने. कॅप्टन म्हणजे गोटीच्याच वर्गातला एक उंच, सरळसोट मुलगा. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी वरून सोडतो तो ओळंबा असतो ना, तेच त्याचं नाव पडलं होतं.

दोन शनिवार प्रश्न नीट विचारले गेले. तिसऱ्या शनिवारी ओळंब्याचंच डोकं खांबावर आपटलं, आणि गोटीने त्याला दरडावून विचारलं, "तू कुठे आहेस?"

"सासरी," तो म्हणाला.

"समोर कोण खेळतंय?"

"जावा-नणंदा."

"स्कोअर काय झालाय?"

"विचारू नका, लाज वाटते."

झालं. हॉल हसून लोटपोट झाला आणि त्या दिवसापासून तीच उत्तरं ठरून गेली. कोणालाही टपली बसली की प्रश्न विचारायचे, त्याने ती तीन उत्तरं द्यायची, बघणाऱ्यांनीही त्याच्याबरोबर एका सुरात म्हणायची, की खेळ पुढे सुरू. मी सांगून पाहिलं की अरे, याची चेष्टा करू नका. पालथ्या घड्यावर पाणी.

मग एका शनिवारी हंगामातली शेवटची मॅच होती, मेकॅनिकलशी. सकाळी चहा पिताना गोटी म्हणाली, "मला हॉस्टेलमध्ये खोली मिळतेय. सोमवारपर्यंत कळवायचंय."

"इथे काय कमी आहे तुला?"

"कमी काही नाही. इथे तू जास्त आहेस."

मी कप खाली ठेवला. मग आम्ही जे भांडलो ते खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात येऊन ऐकून गेल्या. ती म्हणाली, मी तिला श्वास घेऊ देत नाही. मी म्हटलं, श्वास चालू आहे का तेवढंच बघते. शेवटी तिने बूट उचलले आणि बोट रोखून म्हणाली, "एक संधी देते तुला. आज मला काहीही होवो, तू बाकावरून उठायचं नाही, ओरडायचं नाही, आईला फोन करायचा नाही. गप्प बसलीस तर मी इथेच राहते. भोंगा वाजला, तर सोमवारी माझं सामान हॉस्टेलला."

"ठरलं," मी म्हटलं.

ठरलं म्हटलं खरं. ती गेली असती तर त्या खोलीत मी काय करणार होते? मला तिच्या पसाऱ्याची, तिच्या झोपेतल्या बडबडीची, तिच्याशी भांडण्याची सवय होती. खरं सांगायचं तर मला तिची सवय नव्हती, गरज होती, आणि हे तिला माहीत असल्यामुळेच तिने तो सौदा केला होता. लहान असली तरी कुठे चिमटा काढायचा ते तिला बरोबर कळतं.

मॅचला हॉल भरला होता. आमच्या आधीच्या मॅचमध्ये हरलेल्यांनी फरशी पुसली होती, म्हणजे हरलेली माणसं पुसतात तशी. टेबलापाशी, जिथे स्कोअर लिहितात तिथे, एक ओला पट्टा तसाच राहिला होता. तो मला दिसला होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. नाही म्हणायला स्वतः उठून रुमालाने पुसावा असं मनात आलं, पण उठायचं नाही हेही सौद्यात होतं. मी बाकाखालून पाय लांब करून ओळंब्याला खुणावलं, त्याला वाटलं मी त्याला शुभेच्छा देतेय. त्याने अंगठा दाखवला.

मॅच संपत आली तेव्हा मेकॅनिकल एका गुणाने पुढे होतं. गोटी चेंडू घेऊन कडेने सुटली, वळली, आणि त्या ओल्या पट्ट्यावर तिचा पाय गेला. ती आडवी पडली ती सरळ टेबलाच्या कोपऱ्यावर. कानाच्या वर, डोक्याच्या बाजूला. असा आवाज आला की ओरडणारा अख्खा हॉल गपकन बंद झाला.

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. दात ओठांवर दाबले. ती काही क्षण हललीच नाही. मग तिने डोळे उघडले आणि छताकडे बघत राहिली.

ओळंबा धावत आला, गुडघ्यांवर बसला. वेळ थोडा उरला होता आणि त्याचा अर्धा जीव फळ्यावरच्या आकड्यात होता. तिकडेच बघत त्याने विचारलं, "गोटी, स्कोअर काय झालाय?"

"सासरी," गोटी म्हणाली.

हॉलमध्ये हशा फुटला. ओळंबाही हसला.

"कुठे आहेस तू?"

"जावा-नणंदा."

आता तर लोक बाक बडवायला लागले.

"समोर कोण खेळतंय?"

"विचारू नका," ती म्हणाली, "लाज वाटते."

टाळ्या पडल्या. दोघांनी तिला हात देऊन उभं केलं. मला काहीतरी खटकलं होतं, चपलेत खडा गेल्यासारखं, पण तो कुठे टोचतोय ते कळेना. गोटीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता डोळे वटारेल, गप्प बस म्हणून दटावेल. ती माझ्याकडे बघून गोड हसली. अख्ख्या हंगामात त्या मैदानातून ती माझ्याकडे बघून एकदाही हसलेली नव्हती.

आणि मग ती खेळली. म्हणजे तिचे पाय खेळले. पायांना जे पाठ होतं ते त्यांनी केलं. चेंडू आला, तिने घेतला, वळली, टाकला, आणि तो जाळीतून पडला. आम्ही एका गुणाने जिंकलो. सगळे एकमेकांच्या अंगावर पडले. मेकॅनिकलवाले तोंड पाडून पोछा शोधायला गेले. मी अजून हातांवरच बसले होते. मी स्वतःला सांगत होते, बघ, काही झालं नाही, आणि तू गप्प बसलीस, आणि ती आता आपल्या खोलीतच राहणार. मला आनंद व्हायला हवा होता.

ती बाकावर येऊन बसली आणि डाव्या बुटाची नाडी सोडायला लागली. सोडली. पुन्हा बांधली. पुन्हा सोडली.

"दुखतंय का?" मी अगदी हळू विचारलं. हळू विचारणं सौद्यात मोडत नव्हतं.

"थोडं. झोपावंसं वाटतंय."

"गोटी, सकाळी आपलं काय ठरलं होतं?"

"काय ठरलं होतं?"

"सकाळी. चहा पिताना. आपण भांडलो ते."

ती पुन्हा गोड हसली. "आपण कधी भांडतो का?"

शेजारी बूट काढत बसलेल्या मुली खिदळल्या. "ऐकलंस ना भोंगा, सर्टिफिकेट मिळालं तुला!"

माझ्या पोटात गोळा आला. पण तो तसाच धरून ठेवला, कारण गोटी महाबिलंदर आहे. हा सापळाही असू शकत होता. मला डिवचायचं, मी ओरडले की हसायचं आणि सोमवारी बॅग उचलून चालायला लागायचं. मी तिच्या डोळ्यांत बघितलं. खट्याळपणा शोधला. दिसेना, पण माझ्या शोधण्यावरही माझा भरवसा नव्हता. आजवर मला जे जे दिसलं होतं त्यातलं निम्मं खोटं निघालं होतं.

तेवढ्यात ओळंबा त्याची जीप दाराशी लावून आत आला. सगळे जेवायला जाणार होते. "गोटीला मागच्या सीटवर आडवी करा," कोणीतरी म्हणालं, "दमलीय, झोपेल वाटेत." आणि दाराशी दोन मुलं मघाचा प्रसंग पुन्हा करून दाखवायला लागली, एकजण ओळंबा, एकजण गोटी.

"स्कोअर काय?"

"सासरी!"

"कुठे आहेस?"

"जावा-नणंदा!"

सगळे खो खो हसले, आणि माझ्या चपलेतला खडा सापडला.

मी उठले. "ओळंबा!"

तो हॉल मोठा आहे. छत पत्र्याचं आहे. माझा आवाज त्या पत्र्यावर आपटून परत आला. पोछा मारणारे मेकॅनिकलवाले ताठ उभे राहिले.

"भोंगा, आज तरी," ओळंबा कळवळून म्हणाला. "जिंकलोय आपण."

"तू तिला पहिला प्रश्न कोणता विचारलास?"

"कोणता म्हणजे? तोच. कुठे आहेस."

"नाही. आधी स्कोअर विचारलास. फळ्याकडे बघत. आणि ती म्हणाली सासरी."

"मग? गंमत केली तिने."

"स्कोअरचं उत्तर काय असतं? लाज वाटते. सासरी हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर. तू प्रश्न पुढेमागे केलेस आणि तिने उत्तरं ओळीने दिली. पहिलं, दुसरं, तिसरं. तिने तुझा एकही प्रश्न ऐकला नाही. तिने पाठ म्हणून दाखवलं!"

ओळंब्याच्या चेहऱ्यावरचं हसू पूर्ण गेलं नव्हतं. "मुद्दाम उलटंसुलटं केलं असेल. त्यातच तर मजा आली."

"मग आता विचार. नवा प्रश्न विचार. जो कागदावर नाही, ज्याचं उत्तर ठरलेलं नाही."

गोटी आमच्याकडे अशी बघत होती, जसं काही दुसऱ्याच कोणाबद्दल बोलणं चाललंय. ओळंबा तिच्यासमोर बसला. त्याने घसा खाकरला. "गोटी, शेवटचा बास्केट कोणी टाकला?"

ती बराच वेळ विचार करत राहिली. कपाळाला आठी पडली. मग तिने त्यालाच विचारलं, "मॅच कधी आहे?"

कोणी हसलं नाही. ओळंब्याने तिला उचललं, दोन्ही हातांवर, एका बुटासकट, सुटलेला बूट तिथेच गळून पडला, आणि तो जीपकडे पळत सुटला.

त्या जीपचा हॉर्न कित्येक महिने बंद होता. ओळंब्याने कधी दुरुस्त केला नव्हता. रस्त्यावर शनिवारची गर्दी, सिग्नलला गाड्यांची रांग. मी एका हाताने गोटीचं डोकं मांडीवर धरलं आणि खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ओरडले. "बाजूला व्हा! माझी बहीण आहे आत! सरका, ए टेम्पो, सरक बाजूला!" दुकानातली माणसं बाहेर आली. एका ट्रॅफिक पोलिसाने आधी मला थांबवायला हात केला आणि मग तोच हात फिरवून चौक मोकळा केला. आयुष्यभर ज्या आवाजाला लोकांनी नावं ठेवली तो त्या दिवशी कामाला आला, पण तेव्हा हे सुचायला मी ठिकाणावर नव्हते. मला एवढंच कळत होतं की मांडीवरचं डोकं जड होत चाललंय.

"झोपू नकोस. गोटी, माझ्याशी भांड. मी तुझे बूट फेकून देणार आहे, ऐकलंस? फेकून देणार आहे."

"हो ताई," ती म्हणाली.

ताई. ती मला ताई फक्त काही हवं असेल तेव्हा म्हणते.

दवाखान्यात तातडीच्या विभागात तिला चाकांच्या स्ट्रेचरवर घेतलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस घट्ट बांधलेले, हातमोजे चढवता चढवता त्यांनी खाली वाकून विचारलं, "बाळा, तू कुठे आहेस आत्ता?"

"सासरी," गोटी म्हणाली.

स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय फिसकन हसला. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "लग्न झालंय हिचं?"

"डॉक्टर, ती गंमत करत नाहीये," ओळंबा म्हणाला. एवढा उंच मुलगा, पण आवाज लहान पोरासारखा चिरकला. "ते आम्ही ठरवलेलं उत्तर आहे. तिला दुसरं काही आठवत नाहीये. प्लीज, हसू नका."

मग गोटीला उलटी झाली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, एकात, मग दुसऱ्यात, मग पुन्हा पहिल्यात. त्यांच्या हालचाली एकदम भराभर झाल्या. स्कॅन झालं. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, आणि त्यावरूनच मी समजले, की बसण्याइतकाही वेळ नाही.

"कवटीला चीर गेलीय. आत रक्त साचतंय आणि त्याचा मेंदूवर दाब पडतोय. आत्ताच उघडून काढावं लागेल. पडल्यावर थोडा वेळ ही बरी वाटली असेल ना? चालली, बोलली?"

"खेळली," मी म्हटलं. "बास्केट टाकला."

"असंच होतं यात. मग माणूस झोपतो, आणि लोकांना वाटतं दमलाय." त्यांनी कागद पुढे केला. त्यांनी दाखवलं तिथे मी सही केली.

मग मी आईला फोन लावला. पलीकडून आधी भांड्यांचा आवाज, मग आईचा. "बोला भोंगाबाई! आज काय? घोटा की गुडघा?"

मला बोलता येईना. तोंड उघडलं होतं, आवाज नव्हता.

"काय गं? हॅलो? अगं बोल ना. काय मोडलं आज तिचं?"

मी भिंतीला टेकले. नुसता श्वास जात येत होता. पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"ओरड ना गं," आई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "ओरड की. तू गप्प का आहेस?"

मग तिने बाबांना हाक मारलेली ऐकू आली, आणि, "निघालो आम्ही," असं म्हणून तिने फोन ठेवला. मी तिला एक शब्दही सांगितला नव्हता.

आत ऑपरेशन चाललं होतं. बाहेरच्या बाकावर मी आणि ओळंबा. तो असा दुमडून बसला होता की त्याची उंची कुठे गेली कळेना. मध्येच म्हणाला, "विचारायचं काम माझं होतं. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"गप्प बस," मी म्हटलं. "रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. मला आत्ता तुझं सांत्वन करायला जमणार नाही."

तो बाहेर गेला. थोड्या वेळाने तोंड धुऊन आला आणि माझ्यासाठी चहा घेऊन आला. मी प्यायले. त्याच्यावर रागवायला माझ्यात त्राण नव्हतं, आणि रागवून झाल्यावर बाकावर सोबतीला दुसरं कोणी नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. आईबाबा पोचले. सकाळी गोटी शुद्धीवर आली, डोक्याला पांढरं बँडेज, एका बाजूचे केस गेलेले, चेहरा मुठीएवढा झालेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नाव काय? तिने सांगितलं. कुठे आहेस? दवाखान्यात. ही किती बोटं? तीन. आईने पदर तोंडाला लावला, बाबा खिडकीकडे वळले, ओळंबा दाराबाहेर मटकन खाली बसला.

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हे पाठ असू शकतं," मी म्हटलं.

"अगं!" आई म्हणाली.

"नाव कोणालाही पाठ असतं. आणि दवाखान्यात आहोत हे तर समोर दिसतंच."

डॉक्टरीणबाई दमलेल्या होत्या, तरी चिडल्या नाहीत. "तुम्हाला आणखी काय हवंय?"

मला काय हवंय ते मला सांगता येईना. तो सगळा रविवार मी तिच्या उशाशी बसून होते. ती झोपायची, जागी व्हायची, पाणी मागायची. पाणी दिलं की म्हणायची, "थँक यू ताई." उशी सरळ करू का? "हो ताई." दिवा बंद करू? "चालेल ताई." सगळे म्हणत होते किती शहाण्यासारखी वागतेय. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडून आले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ धडधाकट होता, पीळच गेला होता. मला डॉक्टरांनी एक गोड मुलगी परत दिली होती आणि माझी बहीण अजून आतच कुठेतरी होती.

मी तिला एकदाही विचारलं नाही, शनिवारी सकाळी काय झालं होतं म्हणून. मला तो प्रश्न विचारायची भीती वाटत होती. ती पुन्हा गोड हसून, आपण कधी भांडतो का, असं म्हणाली असती तर मी काय केलं असतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा आणायला गेली होती. मी खुर्चीत अर्धवट झोपेत होते. डोळे उघडले तर गोटी माझ्याकडेच बघत होती. हसत नव्हती. कपाळाला, बँडेजच्या खाली, बारीक आठी होती.

"पाणी देऊ?"

 हळूच हात वर करून तिने बँडेज चाचपलं, मग केस गेलेली बाजू. मग माझ्याकडे बघत विचारलं, "आईबाबांना कोणी बोलावलं?"

"मी," मी म्हटलं. "फोन केला."

"मॅचमध्ये ओरडलीस?"

मी खुर्ची पुढे ओढली. "ओरडले."

"खूप?"

"रस्ताभर. खिडकीतून."

ती डोळे मिटून पडून राहिली. मला वाटलं, पुन्हा झोपली. मग डोळे न उघडताच तिने विचारलं, "आज वार कोणता?"

"सोमवार."

"मग ठरलं होतं ते ठरलं," गोटी म्हणाली. आवाज क्षीण होता, पण त्यात तीच ती धार होती, शनिवारी चहा पितानाची. "मी हॉस्टेलला जाणार. आणि माझ्या बुटांना हात लावलास तर बघ, भोंगा."

मी उभी राहिले ती खुर्ची मागे पडली. माझ्या तोंडून काय निघालं मला माहीत नाही, पण शेजारच्या खाटेवरच्या बाई दचकून उठून बसल्या आणि नर्स हातातला ट्रे तसाच टाकून धावत आली.

"काय झालं? काय झालं पेशंटला?"

"काही नाही," मी म्हटलं. मी हसत होते आणि नाक पुसत होते. "माझी बहीण मला सोडून चाललीय."